दलित प्राध्यापक आणि परस्पर मार्गदर्शनाची परंपरा

२०१९ साली एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात इतिहासाचा सहायक प्राध्यापक म्हणून मी कायम झालो. त्याआधी सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढली होती. नेमणुकीचे पत्र घेऊन घरी गेलो तेव्हा आईने पगार विचारला नाही. तिने एकच विचारले, “तिथं आपलं कुणी हाय का?”

मला तो प्रश्न तेव्हा अडाणी वाटला. मी शिकलेला, नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला. मला कुणाची गरज काय? पण आईने वर्षातले सहा महिने ऊसतोडीला जाऊन आयुष्य काढले आहे. टोळीत नवा कोयता आला, म्हणजे नवे जोडपे आले, की त्याला जुन्या जोडप्याच्या शेजारची पात देतात. मोळी किती जाडीची बांधायची, वाढे कुठे टाकायचे, मुकादमाच्या वहीत उचल कशी मांडली जाते आणि कुठे फसवली जाते, हे नव्याला शेजारच्या पातीतून कळते. आईच्या ‘आपलं’ या शब्दात जात होती, हे मी नाकारत नाही. पण त्याहून अधिक होती ती शेजारची पात. तुला काम दाखवील आणि मुकादमाची वही वाचून दाखवील असे कुणी तिथे आहे का, एवढेच तिला विचारायचे होते.

नव्हते. आणि अजूनही आमच्यापैकी अनेकांना ते नसते. महाविद्यालयात दाखल झालेल्या पहिल्या पिढीच्या दलित अध्यापकाला ज्ञानाची उणीव फारशी भासत नाही. ते त्याने घासून मिळवलेले असते. त्याला भासते ती माहितीची उणीव. कोणत्या तारखेला कोणता अर्ज द्यायचा, विद्यापीठाची मान्यता कशी मिळवायची, संशोधनपत्र कुठे पाठवायचे, प्राचार्यांना तोंडी काय सांगायचे आणि लेखी काय, या गोष्टी कुठल्याही अभ्यासक्रमात नसतात. प्रस्थापित घरात त्या जेवणाच्या ताटावर मिळतात. मामा विद्यापीठात असतो, आत्या सिनेटवर असते, वडिलांचे मित्र संशोधन मंडळावर असतात. असा पिढ्यांचा साठलेला सल्ला घेऊन जो येतो त्याच्या चालण्याला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो, आणि जो वाट विचारत येतो त्याला ‘राखीव’ म्हणतो. या सल्ल्याची व्यवस्था आपण आपापसात उभी करू शकतो काय? माझ्या मते आपल्याकडे तशी परंपरा होती. ती विसरण्याची किंमत आपण मोजत आहोत. त्या परंपरेच्या काही नोंदी येथे मांडतो.

एक

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. त्या शाळांमागचे अध्यापकांचे जग मात्र आपण क्वचितच पाहतो. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्या आजारी होत्या, माहेरी विश्रांतीला आल्या होत्या. त्या पत्रात त्यांना काळजी आहे ती आपल्या सहकारी फातिमा यांची. आपण नसल्याने कामाचा सारा भार त्यांच्यावर पडत असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, असे त्या लिहितात. एका शिक्षिकेने दुसरीच्या कार्यभाराची केलेली ही काळजी मला मोठी ऐतिहासिक घटना वाटते. समाजाने वाळीत टाकलेल्या दोन अध्यापिका एकमेकींच्या आधारावर उभ्या होत्या, याचा तो लेखी पुरावा आहे.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण असल्याकडे बोट दाखवले. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकांना किमान १२ रुपये पगार असावा, असेही त्यांनी मांडले. शिक्षक कोण आहे, तो कुठून आला आहे आणि तो सन्मानाने जगू शकतो की नाही, हे प्रश्न शिक्षणाच्या केंद्रस्थानी आहेत, हे जोतीरावांनी ओळखले होते. आपण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो, आणि ते काढलेच पाहिजेत. पण अध्यापकाच्या घडणीचा प्रश्न आपण जोतीरावांइतका गंभीरपणे घेतलेला नाही.

दोन

नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस वर्गात असा शिकवी की इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही ऐकायला येत. आणि त्याच महाविद्यालयात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकारी प्राध्यापकांनी घेतली.

या प्रसंगाचा उल्लेख आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून नेहमी करतो. मी त्याकडे एक अध्यापक म्हणून पाहतो. विद्यार्थी ऐकत होते, सहकारी नाकारत होते. वर्गात मान आणि स्टाफरूममध्ये अपमान, हा दलित प्राध्यापकाचा अनुभव तेथून सुरू होतो. आज पाण्याचे भांडे बदलले आहे. आज आपल्याला पाणी मिळते. माहिती मिळत नाही. कुणी हरकत घेत नाही. नुसते सांगायचे राहून जाते. ‘अहो, तुम्हाला माहीत नव्हते का? परिपत्रक तर केव्हाच आले होते,’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे की ते मला त्या भांड्यावरचे झाकण वाटू लागले आहे.

तीन

बाबासाहेबांनी यावर उत्तर शोधले ते संस्थेच्या रूपाने. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय निघाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. पुढे ते ‘मिलिंद’ झाले आणि परिसर ‘नागसेनवन’.

ही नावे आपण इतक्या सवयीने उच्चारतो की त्यांचा अर्थ निसटून जातो. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्खू. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात संवाद सुरू होण्याआधी नागसेन एक अट घालतो. राजा पंडितांसारखा बोलणार असेल तर आपण बोलू, राजासारखा बोलणार असेल तर नाही. पंडितवाद आणि राजवाद यांतला फरकही तो सांगतो. पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उकल होते, खंडन होते, चूक दुरुस्त होते, पण कुणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो विरोध करील त्याला दंड फर्मावतो. मिलिंद ही अट मान्य करतो. वर म्हणतो की भदंतांनी निर्धास्त बोलावे. एखाद्या श्रामणेराशी किंवा विहाराच्या सेवकाशी बोलावे तसे बोलावे.

शिक्षणसंस्थेला देवाचे नाव नाही, गुरूचे नाव नाही, देणगीदाराचे नाव नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, याचा अर्थ आपण लावला पाहिजे. आपल्या देशातल्या गुरुपरंपरेने एकलव्याचा अंगठा मागितला. नागसेनवनाच्या नावात दुसरी परंपरा आहे. तेथे विचारणारा सत्ता खाली ठेवून बसतो आणि सांगणारा दक्षिणा मागत नाही.

हे केवळ नावापुरते राहिले नाही. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे दलित समाजातले नव्हते, पण बाबासाहेबांच्या कार्याला त्यांनी स्वतःला वाहून घेतले होते. १९५५ साली त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक महाविद्यालयाच्या मंचावर आले. पुढे अमेरिकेतून पीएच.डी. करून परतलेले डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य त्यांनी सहकाऱ्यांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवले. त्या वातावरणात प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे तरुण अध्यापक होते. १९६७ साली ‘अस्मिता’ या नावाने नियतकालिक निघाले आणि पुढे ते ‘अस्मितादर्श’ झाले. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना आपण त्यातल्या कवितांचा, कथांचा विचार करतो. मला त्याच इतिहासात एक स्टाफरूम दिसते. तेथे एका अध्यापकाने परदेशातून आणलेले वाचन स्वतःच्या कपाटात कोंडले नाही, दुसऱ्याने ते उचलून त्याचे नियतकालिक केले, आणि पानतावणे सरांनी पुढे कित्येक वर्षे गावोगावच्या नवोदितांना पत्रे लिहून लिहिते केले. यापैकी कुणालाही कुठल्या योजनेने ‘मार्गदर्शक’ म्हणून नेमलेले नव्हते.

चार

मग शासनाने काय केले? १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. नव्या अध्यापकांसाठी ओरिएंटेशन, जुन्यांसाठी रिफ्रेशर अशी रचना झाली. २०१५ साली त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन आले. मी या वर्गांची टिंगल करणार नाही. घरात कुणीही प्राध्यापक नसलेल्या माणसाला तेथे पहिल्यांदा दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या विषयातला, पण आपल्यासारखाच अध्यापक भेटतो. पुष्कळदा वर्गातल्या व्याख्यानापेक्षा वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या गप्पांनीच अधिक शिकवलेले असते.

पण याच वर्गांना पदोन्नती जोडली गेली. २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पहिली वरची श्रेणी मिळते ती पीएच.डी. असल्यास चार वर्षांनी, एम.फिल. असल्यास पाच वर्षांनी आणि दोन्ही नसल्यास सहा वर्षांनी. आणि त्यासाठी ठराविक वर्ग पूर्ण केलेले असावे लागतात. एक वर्ग चुकला की वर्षे जातात, आणि वर्षे गेली की निवृत्तीपर्यंतचा सगळा हिशेब बिघडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापकांसाठी मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियानही सुचवले आहे. त्यात मार्गदर्शक कोण? तर ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापक. ज्येष्ठांविषयी मला आदर आहे. पण प्रश्न असा आहे की, ज्याच्या शेऱ्यावर माझी पदोन्नती अवलंबून आहे त्याच्यापुढे मी माझे अज्ञान कसे उघडे करू? वर्गात मला भीती वाटते, इंग्रजीत लिहिताना हात अडतो, हे मी त्याला सांगितले तर तो ते मदतीसाठी वापरील की गोपनीय अहवालात? जेथे दंड देण्याचा अधिकार एका बाजूला आहे तेथे राजवाद आपोआप येतो. म्हणून वरून येणारे मार्गदर्शन कितीही चांगले असले तरी बरोबरीच्या माणसांचे मार्गदर्शन वेगळे लागते.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती गणिताची आहे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरले आणि ५ मार्च २०१८ रोजी आयोगाने तसे पत्रक काढले. त्या तेरा बिंदूंच्या नामावलीत अनुसूचित जातीची जागा सातव्या क्रमांकावर येते, जमातीची चौदाव्या. तीन-चार जागांच्या विभागात ती कधी यायची? देशभर आंदोलन झाले, आणि २०१९ साली केंद्रीय संस्थांसाठी कायदा करून एकक पुन्हा संपूर्ण संस्था झाले. पण या वादाने एक गोष्ट उघड केली: आपला माणूस विभागात बहुधा एकटाच असणार. एकटेपणा हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही, तो बिंदुनामावलीत लिहिलेला आहे. तेव्हा शेजारची पात विभागात शोधून चालणार नाही. ती विभागाबाहेर, महाविद्यालयाबाहेर, तालुक्याबाहेर शोधावी लागेल.

पाच

आता माझ्याविषयी. हे लिहिणे सोपे नाही.

कायम झाल्यावर दोन-तीन वर्षे मी धडपडून सगळे शिकलो. सेवापुस्तक स्वतः वाचले. सहसंचालक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी सांगितले नाही याचा राग मनात होता, आणि त्या रागाचा मला अभिमानही होता. त्याच काळात आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर एक तरुण अध्यापिका आल्या. मातंग समाजातल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. त्यांनी मला पीएच.डी.चा आराखडा पाहायला दिला. मी म्हणालो, “बघतो, मॅडम.” महिन्याने त्यांनी विचारले. मी म्हणालो, “नॅकचे काम आहे, बघतो.” त्यांनी तीनदा विचारले. चौथ्यांदा विचारले नाही. आराखडा माझ्या टेबलाच्या खणात राहिला. पुढच्या जूनमध्ये त्या आल्या नाहीत. एका खासगी शिकवणीत काम करू लागल्याचे कळले.

मी त्यांच्यावर अन्याय केला असे तेव्हा मला वाटलेच नाही. माझ्याकडे कुणी बघितले नव्हते; मी तरी का बघावे? खरे सांगायचे तर, त्या पुढे गेल्या तर आपले काय, असाही एक हलका विचार मनाच्या तळाशी होता. त्यांची जात आमच्याहून वेगळी होती, त्याचाही त्यात वाटा नव्हता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाने आपली निराशा केल्याचे दुःख बोलून दाखवले. ते भाषण मी वर्गात अनेकदा समजावून सांगितले आहे, आणि दर वेळी ते दुसऱ्या कुणाविषयी आहे असे समजून सांगितले आहे.

डोळे उघडले ते एका ज्येष्ठ सहकाऱ्यामुळे. हे सर पन्नाशी ओलांडलेले, दुसऱ्या महाविद्यालयातले. उत्तम शिक्षक. एक रिफ्रेशर वेळेत झाला नाही, कारण प्राचार्यांनी सोडले नाही आणि लेखी मागायचे असते हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढची श्रेणी अडली, मग उमेद अडली. वीस वर्षे त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. एका कार्यक्रमानंतर बसस्थानकावर चहा पिताना त्यांनी ती मला सांगितली आणि म्हणाले, “तुम्ही लहान आहात, पण तुमची फाईल एकदा मला दाखवता का? कशी लावायची ते मला शिकायचे आहे.” त्यांच्याहून वयाने इतक्या लहान माणसाला हे विचारायला त्यांना किती जड गेले असेल!

त्या दिवसापासून आम्ही रविवारी बसू लागलो. आधी दोघे, मग चौघे, आता सात जण आहोत. वेगवेगळ्या महाविद्यालयांतले, वेगवेगळ्या विषयांतले, वेगवेगळ्या जातींतले. अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. प्रत्येकाने आपली एक अडलेली गोष्ट आणायची: परत आलेले संशोधनपत्र, न जमलेला तास, न समजलेले परिपत्रक. सर आता सगळ्यांचे रजेचे आणि परवानगीचे अर्ज तपासतात, कारण लेखी न मागण्याची किंमत त्यांच्याइतकी कुणी मोजलेली नाही. ज्याला अपयश आले तोच त्या बाबतीतला आमचा तज्ज्ञ. वैधता प्रमाणपत्रापासून ते दुसऱ्याचे न चोरता टिपण कसे काढावे इथपर्यंत सगळे बोलले जाते. कुणी रडलेही आहे.

सहा

दोन आक्षेप येतील, ते मी ओळखून आहे. पहिला, हा जातीचा कंपू होईल. कंपू आणि आधार यांत फरक आहे. कंपू दार लावून घेतो, लायक नसलेल्या आपल्या माणसाला जागा मिळवून देतो. आमच्याकडे लेख वाईट असेल तर वाईट म्हणतात. आणि चिटणीसांना ज्या परंपरेने पहिले प्राचार्यपद दिले तिला दार लावून घ्यायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण एकमेकांना सावरत राहिलो तर संस्थेची आणि शासनाची जबाबदारी सुटणार नाही काय? रिक्त जागा भरणे, बिंदुनामावली पाळणे, तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला माणसासारखे वागवणे, ही कामे रविवारच्या चहाने होणार नाहीत. ती संघटनेची, न्यायालयाची आणि रस्त्यावरची कामे आहेत. पण परिपत्रक वाचता न येणारा माणूस परिपत्रकाविरुद्ध लढू शकत नाही. एकटा माणूस तक्रार करायला भितो. सात जणांनी वाचलेल्या अर्जावर सही करताना हात कापत नाही. परस्पर आधार हा संघर्षाला पर्याय नाही, ती संघर्षाची पूर्वतयारी आहे.

प्रत्येक तालुक्यात अशी एक बैठक उभी करणे अवघड नाही. तिला अनुदान लागत नाही, मान्यता लागत नाही. लागते ती एकच गोष्ट, आणि ती आपल्याला सर्वांत जड जाते: ‘मला हे येत नाही’ असे आपल्या माणसापुढे म्हणणे, आणि कुणी म्हटले तर राजासारखे न बसणे.

गेल्या वर्षी मी त्या अध्यापिकेला फोन केला. माफी मागितली, रविवारी यायला सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, “सर, माझे आता शिकवणीत बरे चालले आहे. माझ्या जागेवर जी मुलगी आली आहे ना, तिचे बघा.”

त्या मुलीचा आराखडा मी त्याच आठवड्यात मागून घेतला. तो वाचून परत करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. फक्त दोन.